कोकणातला शिमगा, पाडवा आणि किनाऱ्यावरचे शेजारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाल्गुन लागला की मुंबई-पुण्यातून फोन सुरू होतात. पालखी आपल्याकडे कधी, गाडीचं तिकीट कधी काढू, होळीला माड उभा करतात तो का, पोराला शाळेत वसंतोत्सवावर निबंध आहे तर काय लिहू. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पद्धतीवरून लिहितो आहे. शिमग्याच्या रीती गावागणिक बदलतात, तेव्हा तुमच्या गावात वेगळं काही असेल तर तुमच्या गावचंच बरोबर धरा.

शिमगा म्हणजे होळीच ना?

होळी ही शिमग्यातली एक रात्र. पुष्कळ गावांत शिमगा फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाकपंचमीला सुरू होतो. मग रोज संध्याकाळी पोरं लहान लहान होळ्या पेटवतात, पौर्णिमेला मोठा होम लागतो आणि त्यानंतर पालखी घरोघर फिरायला निघते. ती किती दिवस फिरणार हे गावातली घरं, वाड्या आणि वहिवाट यांवर ठरतं. कुठे रंगपंचमीला आटोपतं, कुठे पाडवा उजाडतो.

प्रल्हाद आणि होलिकेची गोष्ट आम्हीही लहानपणी ऐकली आहे. पण गावात शिमग्याच्या दिवसांत कुणी हिरण्यकश्यपूची आठवण काढताना दिसणार नाही. इथे मुख्य आहे ग्रामदेवता. भैरी, केदारलिंग, रवळनाथ, सोळजाई, वाघजाई, जाखमाता, जे कोण असेल ते. वर्षभर आपण देवळात जातो, शिमग्यात देव आपल्या दारात येतो. बाकीचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

तारखा दरवर्षी एवढ्या का हलतात?

आपले महिने चंद्रावर चालतात. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, म्हणजे सौर वर्षापेक्षा अकराएक दिवस कमी. त्यामुळे सण दरवर्षी तेवढे मागे सरकतात आणि साधारण तीन वर्षांत एकदा अधिक महिना येऊन त्यांना पुन्हा पुढे ढकलतो. पाडवा २०२५ मध्ये ३० मार्चला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे २०२७ चा पाडवा एकदम ७ एप्रिलला जातो. शिमगा पाडव्याच्या पंधरा दिवस आधी, हे लक्षात ठेवलं की रजेचा अर्ज चुकत नाही.

पण फाल्गुन तर शिशिरात येतो. मग शिमगा वसंताचा सण कसा?

पंचांगाप्रमाणे आक्षेप बरोबर आहे. चैत्र-वैशाख हा वसंत, माघ-फाल्गुन हा शिशिर. म्हणजे शिमगा हा शिशिराचा निरोप आणि पाडवा हे वसंताचं आगमन. झाडांना मात्र पंचांग ठाऊक नसतं. पांगारा, पळस, काटेसावर यांची पानं झडून फांद्यांवर नुसता लाल रंग दिसायला लागतो तो फाल्गुनातच. वेंगुर्ल्याकडे, शिरोडा-आरवलीच्या बाजूला, सुरंगी फुलते आणि तिचे वळेसर विकायला येतात तेही याच सुमारास. सुरंगीचा वास एकदा डोक्यात बसला की मोगरा मिळमिळीत वाटतो, हे माझं मत.

दुसरं कारण शेतीचं. भात दिवाळीच्या आसपास घरात आलेलं असतं, मागून पेरलेला कुळीथ-पावटाही निघालेला असतो, आंबा अजून तयार व्हायचा असतो. मळे मोकळे, हात मोकळे. पालखी ज्या मोकळ्या कुणग्यांतून, म्हणजे भाताच्या खाचरांतून, नाचते त्यात चार महिन्यांनी गुडघाभर चिखल असणार. एवढा मोठा सण या दिवसांखेरीज कोकणात दुसरीकडे बसलाच नसता.

शेजारच्या गावाची होळी आमच्या आधी दोन दिवस का लागते?

रत्नागिरीकडे दोन प्रकार आहेत. त्रयोदशीला होळी लावणाऱ्या गावांचे ते तेरसे शिमगे, पौर्णिमेला लावणाऱ्यांचे ते भद्रेचे शिमगे. कोणतं गाव कशात हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. याचा एक फायदा असा की मामाच्या गावचा शिमगा बघून स्वतःच्या गावच्या होळीला वेळेवर पोचता येतं.

होळीसाठी अख्खं झाड का तोडतात? बरोबर आहे का हे?

कोकणात होळी म्हणजे नुसता लाकडांचा ढीग नव्हे, उभं केलेलं झाड. कुठे आंबा, कुठे पोफळ, कुठे सुरमाड, कुठे शेवर. झाड आधी ठरवून ठेवतात, त्याची पूजा होते, गाऱ्हाणं घालतात आणि मग तोडतात. पुढचा भाग बघण्यासारखा असतो. शंभर-दीडशे माणसं ते झाड खांद्यावर घेऊन ढोलाच्या ठेक्यावर नाचवत, बांधावरून, पऱ्ह्यातून (ओढ्यातून), ‘होळी रे होळी, पुरणाची पोळी’ ओरडत आणतात. उभं करताना दोर, दांडके आणि ‘हा असा, तसा नको’ म्हणणारे म्हातारे, तिन्ही लागतात. झाड उभं राहिलं की भोवती गवत, पेंढा, शेणी रचून होम लावतात.

हे फक्त आमच्याकडेच असं समजू नका. जर्मनीत बव्हेरियाच्या गावांत १ मे रोजी असाच एक उंच सोट गावाच्या मध्यभागी उभा करतात. तो उभा राहण्याआधी शेजारच्या गावच्या पोरांनी रात्री चोरून न्यायचा आणि मूळ गावाने बिअर नि खाणं देऊन सोडवून आणायचा, अशी तिथली रीत आहे. आमच्याकडे होळीची लाकडं आणि शेणी चोरायची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना बव्हेरियन पोरं आपलीच वाटतील. फरक इतकाच की आमच्याकडे सोडवणूक नाही. चोरलेलं जळून जातं आणि मालक दुसऱ्या दिवशी नुसता बोंबलतो.

बरोबर आहे का? एका गावाने वर्षाला एक झाड तोडलं म्हणून कोकण उजाड होत नाही. तो उद्योग वर्षभर ट्रक भरभरून लाकूड नेणारे करतात. पण होळीच्या नावावर वाडीवाडीत चार-चार झाडं पाडायची नवी हौस काही ठिकाणी आली आहे, तिला जुन्या रीतीचा आधार नाही. गावाची होळी एक, मान एक.

‘रूपं लागणं’ म्हणजे काय?

ग्रामदेवतांचे चांदीचे किंवा पितळेचे मुखवटे असतात, त्यांना रूपं म्हणतात. एरवी ती पेटीत, कुलुपात आणि मानकऱ्यांच्या ताब्यात असतात. शिमग्यात ठरलेल्या दिवशी ती बाहेर काढून, उजळून पालखीत बसवतात. रूपं लागली की पालखीत देव आला. मग ती सहाणेवर येऊन बसते. सहाण म्हणजे गावातली पालखीची ठरलेली जागा. तिथे होम, गाऱ्हाणी, नवस आणि गावाचे जुने तंटेही.

तंट्यांवरून सांगतो. पालखी आधी कुणाच्या दारात, नारळ पहिला कुणाचा, अब्दागिरी कुणी धरायची, याला मान म्हणतात आणि मानावरून वर्षानुवर्षं पालखी बंद पडलेली गावं आहेत. शिमगा जवळ आला की तहसीलदार आणि पोलीस दोघांनाही काम लागतं. हे लपवण्यात अर्थ नाही. जिथे मान असतो तिथे अपमानही असतो.

पालखी घरी येणार आहे. तयारी काय करायची?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. बहुतेक वेळा नव्या सुनेचा किंवा जिचं बालपण शहरात गेलं अशा मुलीचा.

आदल्या दिवशी अंगण सारवून घ्या. लाद्या बसवल्या असतील तर धुवा. दारात रांगोळी, तोरण. पालखी ठेवायला ओटीवर किंवा माजघरात जागा मोकळी करा आणि जमिनीवर घोंगडी किंवा स्वच्छ कापड अंथरा. ताटात हळद-कुंकू, अक्षता, फुलं, निरांजन, अगरबत्ती. ओटीसाठी खण, नारळ, तांदूळ, सुपारी, पानाचा विडा. नारळ जरा जास्तच आणून ठेवा. एक देवीच्या ओटीचा, एक गाऱ्हाण्याचा, आणि ऐनवेळी शेजारीण ‘एक दे गो’ म्हणत येतेच.

ढोल जवळ आला की घरच्या बाईने पाण्याची कळशी घेऊन दारात उभं राहायचं. पालखी खांद्यावर घेतलेल्या भोयांच्या पायांवर पाणी घालायचं, मग ओवाळायचं. सकाळपासून उन्हात अनवाणी नाचून त्या पायांना धूळ, चिखल, कधी रक्तही लागलेलं असतं. पाणी सढळ हाताने घाला, चमच्याने नको. पालखी आत येऊन टेकली की घरातले सगळे एकेक करून पाया पडतात, माहेरवाशिणी ओटी भरतात. मग मानकरी किंवा गुरव गाऱ्हाणं घालतो. घरातल्या माणसांची नावं घेऊन, कोण मुंबईला, कोण आजारी, कुणाचं लग्न अडलंय, कुणाला नोकरी नाही, सगळं देवाच्या कानावर घालतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. तळकोकणात तेच ‘व्हय म्हाराजा’. आपल्या घरची दुखणी कुणीतरी एवढ्या मोठ्याने, सगळ्या वाडीसमोर, लाज न वाटता सांगतो, याचा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला धक्का बसतो. नंतर बरं वाटतं.

सोबत आलेल्यांना सरबत, चहा, लाडू, जे जमेल ते. कोकम सरबत सर्वांत बरं. चाळीस-पन्नास माणसं धरून करा. दक्षिणा किती द्यायची हे शेजारच्या काकींना विचारा, जास्त देऊन मिरवू नका. पुढच्या वर्षी तेवढीच अपेक्षा राहते आणि मागच्या घरांची पंचाईत होते.

वेळ मात्र विचारू नका. ‘चारला येते’ म्हणून सांगितलेली पालखी रात्री अकराला येते. उशीर झाला म्हणून कुणी चिडत नाही, तुम्हीही चिडू नका.

खूण काढणं किंवा शेरणं काढणं काय असतं?

एक नारळ जमिनीत पुरून ठेवतात. कुठे पुरला हे ठरलेल्या माणसांनाच माहीत. पालखी खांद्यावर घेऊन भोई शोधायला निघतात. ती मैदानभर फिरते, झोक घेते, मागे येते आणि शेवटी एका जागी वाकते. तिथे खणतात, नारळ निघतो. चिपळूणकडे याला शेरणं म्हणतात. हे कसं होतं यावर तुम्हाला प्रश्न पडला तर तो मनात ठेवा. भर गर्दीत विचारण्याचा प्रश्न नव्हे तो.

काळे कपडे घातलेला तो उंच टोपीवाला कोण?

संकासुर. काळा पायघोळ पोशाख, टोकदार उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. लहान पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्याच मागे पळतात. त्याच्याबरोबर गोमू असते, म्हणजे साडी नेसलेला पुरुष. मृदंग आणि झांजांवर नाच, मधेच विनोद. नमन-खेळ्यांची मंडळी शिमग्यात घरोघर फिरतात आणि रात्री रंगमंचावर नमन लागतं. आधी गण, मग गवळण, मग वगनाट्य. पूर्वी पेट्रोमॅक्सच्या उजेडात चालायचं, आता माइक आणि एलईडी आले. संकासुराची घुंगरं त्या स्पीकरच्या गोंगाटात ऐकू येत नाहीत, ही माझी तक्रार आहे आणि ती मी दरवर्षी मंडळाला सांगतो.

मुलं दारात आली की पोस्त मागतात. सुटे पैसे ठेवा. क्यूआर कोड घेऊन फिरणारा संकासुरही आता असतो.

शिव्या आणि बोंबा कशासाठी?

तोंडावर हात मारून बोंब ठोकायची आणि कुणाच्याही नावाने काहीबाही ओरडायचं, याला फाका मारणं म्हणतात. वर्षभर ज्याच्यासमोर मान खाली घालायची त्या सावकाराच्या, खोताच्या नावाने एक दिवस ओरडायची मोकळीक. सावकार आणि खोत गेले, मोकळीक राहिली. पण तिचा रोख हळूहळू बायकांकडे आणि गरिबांकडे वळला तिथे गावातल्याच जाणत्यांनी ती बंद करायला हवी, आणि पुष्कळ गावांत केलीही आहे. ‘शिमगा गेला तरी कवित्व उरतं’ ही म्हण अशाच कुणाच्या तरी शिव्यांवरून झालेल्या भांडणातून निघाली असावी.

होळीच्या उष्णतेने जंतू मरतात म्हणे?

असले संदेश पुढे पाठवू नका. सण साजरा करायला जंतू मरण्याची गरज नाही.

रंग कधी खेळायचा?

गावात रंग मुख्यतः रंगपंचमीला, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमीला. काही गावांत त्यानंतर शिंपणं असतं. पाणी आणि गुलाल उडवून शिमगा आवरतात. धुळवडीचा दिवस राखेचा, धुळीचा आणि तिखटाच्या जेवणाचा. आदल्या रात्री पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी कोंबडी-वडे किंवा मटण. ज्यांच्याकडे शाकाहार आहे त्यांनी शेजाऱ्यांकडून येणाऱ्या वासावर समाधान मानायचं.

कोळीवाड्यातली होळी वेगळी असते का?

बरीच. उत्तर कोकणात, मुंबई-रायगडच्या कोळी आणि आगरी वस्त्यांत होळीला हावलूबाय म्हणतात आणि ती माहेरवाशिणीसारखी लाडाची. होळीसाठी होड्या किनाऱ्याला परततात, त्यांना पताका-झेंडे लागतात, पूजा होते. बायका दागिने घालून, डोक्यात अबोलीचे गजरे माळून रात्रभर फेर धरतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ, होळीला होडीला मान.

गोव्यातला शिगमो हाच का? आणि कार्निव्हल?

शिगमो आणि शिमगा एकाच घरचे. सिंधुदुर्गात ज्याला रोंबाट म्हणतात तेच गोव्यात रोमटामेळ. मोठमोठे ढोल, ताशे, निशाणं घेऊन निघणारी मिरवणूक. डिचोली-सत्तरीकडची घोडेमोडणी मात्र खास त्यांची. कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचतात.

कार्निव्हल वेगळा. तो ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधीचा. चाळीस दिवस मांस-मद्य सोडायचं, त्याआधी चार दिवस पोटभर मजा करून घ्यायची. पण दोन्हींचा हिशेब एकाच मोसमातला आहे, त्यामुळे कार्निव्हलच्या पताका उतरतात न उतरतात तोच शिगम्याच्या लागतात.

अलिबागकडच्या यहुदी मंडळींचा असा काही सण होता का?

होता, आणि तो फार सुंदर आहे. बेने इस्रायल समाज रायगडच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहिला. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी सुट्टी, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. आडनावं आपल्यासारखीच गावावरून पडलेली. अलिबागला इस्रायल आळीत त्यांचं १८४८ साली बांधलेलं सिनेगॉग आजही आहे.

त्यांचा पुरीम हा सण आपल्या होळीच्या पौर्णिमेच्या आसपास येतो. तेही त्याला होळीचा सण म्हणत. २०२६ मध्ये दोन्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात, एकाच पौर्णिमेला आले. त्यानंतर महिन्याने वल्हांडण, म्हणजे पासओव्हर. इजिप्तच्या गुलामीतून सुटका झाल्याची आठवण. घाईघाईत निघताना पीठ फुगायला वेळ मिळाला नाही, म्हणून त्या आठवड्यात आंबवलेलं काही खायचं नाही आणि घरातही ठेवायचं नाही. जुन्या काळी कोकणातल्या घरांत याला अनशी ढाकायचा सण म्हणत. आंबट रसाची बरणी झाकून ठेवायचा सण. त्याआधी भिंतींना चुना लागे आणि तांब्याच्या भांड्यांना कल्हई होई. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. मराठी बरोबर घेऊन गेली.

आणि वसईचे ख्रिस्ती?

ईस्टर येतो तो २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेपुढच्या रविवारी. म्हणजे त्यांनाही चंद्राकडे बघावंच लागतं. त्याआधीचा रविवार झावळ्यांचा. वसईकडे माडाची कोवळी पाती चर्चमध्ये नेतात, घरी आणून त्यांचे क्रूस विणतात आणि भिंतीवर लावून ठेवतात. वर्षाने याच वाळलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात. आम्ही धुळवडीला होळीची राख लावतो, ते बुधवारी झावळ्यांची. कारण वेगळं, अर्थ वेगळा.

डहाणूच्या इराण्यांचा नवरोज कधी?

२१ मार्च, वसंतसंपाताच्या सुमारास, जेव्हा दिवस-रात्र सारखे होतात. पतेतीशी गल्लत करू नका. भारतातल्या बहुतेक पारशांचं नवं वर्ष ऑगस्टमध्ये येतं, जमशेदी नवरोज मार्चमध्ये. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या ज्यांनी उभ्या केल्या त्यांत इराणी कुटुंबं बरीच. नवरोजच्या टेबलावर फारसीतल्या ‘सीन’ अक्षराने सुरू होणाऱ्या सात गोष्टी मांडतात. उगवलेले गहू, सफरचंद, लसूण, व्हिनेगर अशा. शिवाय आरसा, रंगवलेली अंडी. इराणमध्ये वर्षाच्या शेवटच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी लोक रस्त्यात जाळ करून त्यावरून उड्या मारतात आणि जाळाला म्हणतात, माझा पिवळेपणा तू घे, तुझी लाली मला दे. २००९ साली युनेस्कोने नवरोजची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

कोकणी मुसलमानांमध्ये वसंताचा सण आहे का?

हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचं, त्यात अधिक महिना नाही. त्यामुळे ईद सगळ्या ऋतूंतून फिरते आणि साधारण तेहेतीस वर्षांनी पुन्हा त्याच ठिकाणी येते. २०२६ मध्ये रमजान ईद पाडव्याच्या आठवड्यातच आली, त्यामुळे श्रीखंड आणि शीरखुर्मा एकदमच.

जगात इतरत्र काय करतात?

निबंधासाठी विचारणाऱ्या पोरांनो, एवढं पुरे. झुरिकमध्ये एप्रिलच्या एका सोमवारी कापसाचा हिममानव जाळतात. त्याच्या डोक्यात फटाके भरलेले असतात. डोकं लवकर फुटलं तर उन्हाळा चांगला. पोलंडमध्ये मार्चमध्ये मारझान्ना नावाची गवताची बाहुली जाळतात किंवा नदीत बुडवतात, ती म्हणजे थंडी. बल्गेरियात १ मार्चला लाल-पांढऱ्या दोऱ्याचे गोंडे एकमेकांना देतात आणि करकोचा किंवा फुललेलं झाड दिसेपर्यंत अंगावर ठेवतात. थायलंडमध्ये १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालायचं आणि मग रस्त्यावर भिजवाभिजवी. जपानमध्ये चेरीच्या झाडाखाली बसून जेवतात. टोकियोत एका ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की फुलोरा सुरू झाल्याचं अधिकृतपणे जाहीर होतं. आमच्याकडे मोहोर बघायला माणूस झाडाखाली बसत नाही. तुडतुडा आहे का, फवारणी कधी, मळभ आलं तर फळ टिकेल का, एवढंच डोक्यात.

पाडव्याला कडुनिंब खायलाच हवा का?

कुणी जबरदस्ती करणार नाही, पण सोपं करून सांगतो. कोवळी पानं आणि फुलोरा घ्या, त्यात गूळ, चिंच, ओवा, हिंग, मीठ घालून वाटा. सुपारीएवढी गोळी पुरे. नुसती पानं चावायला दिली की पोरं पुढच्या वर्षीपासून लपतात.

गुढीसाठी कळक बेटातून सरळ बघून तोडावा. वर वस्त्र, कडुनिंबाची आणि आंब्याची डहाळी, साखरेच्या गाठी, त्यावर उलटा तांब्या. सूर्यास्ताच्या सुमारास नैवेद्य दाखवून उतरवायची. पाडव्याला भटजी किंवा गावातला जाणता पंचांग वाचतो. पाऊस किती आढे (आढा हे पंचांगातलं पावसाचं माप), पीक कसं, हे सगळे कान टवकारून ऐकतात आणि जूनमध्ये पुन्हा हवामान खात्याकडे बघतात.

चैत्रगौरीची आंब्याची डाळ पाणचट होते. काय चुकतं?

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर झोपाळ्यावर बसते. हळदीकुंकवाला पन्हं, भिजवलेले हरभरे आणि डाळ. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजली की चाळणीत पूर्ण निथळू द्या. इथेच बहुतेकींची घाई होते. मग हिरव्या मिरचीबरोबर पाणी न घालता भरड वाटा. पेस्ट झाली की संपलं. कैरीचा कीस दोनदा घाला, आधी निम्मा, चव बघून बाकीचा, कारण प्रत्येक झाडाची कैरी वेगळी आंबट. मीठ, किंचित साखर, ओलं खोबरं. मोहरी, हिंग, हळद, सुकी मिरची यांची फोडणी करून गार होऊ द्या आणि मगच वर घाला. गरम फोडणीने कैरीला पाणी सुटतं.

ओले काजूगर घरी सोलता येतात का?

येतात, पण हात सांभाळा. हिरव्या बीच्या सालीतला चीक कातडी भाजतो. हाताला खोबरेल तेल किंवा राख चोळा, बी कोयत्यावर उभी चिरून काडीने गर काढा, कोमट पाण्यात टाकून वरचं पातळ साल सोला. शेकडा बियांना चांगलाच वेळ जातो. म्हणून बाजारात सोललेले गर महाग असतात आणि तो भाव योग्यच असतो, घासाघीस करू नका. उसळीत गरम मसाला कमी, ओलं खोबरं जास्त.

आम्ही त्या गावचे नाही. शिमगा बघायला आलो तर चालेल?

चालतं. पण कुणाच्या तरी ओळखीने या, निदान गावात पोचल्यावर आपण कोण ते सांगा. सहाणेवर चपला घालून चढू नका. पालखीच्या वाटेत आडवे येऊन फोटो काढू नका, नाचवणाऱ्यांना पुढचं दिसत नसतं. रूपांचा जवळून फोटो काही गावांत चालत नाही, आधी विचारा. ड्रोन उडवायचा असेल तर मानकऱ्यांची परवानगी घ्या. पालखी खांद्यावर घ्यायची हौस असेल तर बोलावल्याशिवाय हात लावू नका. बोलावलं तर मात्र पायातलं काढून, मोबाईल मित्राकडे देऊन या.

तिकीट कधी काढू?

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पौर्णिमेची तारीख बघून उलटे दिवस मोजा आणि सकाळी आठच्या आधी तयार राहा. कोकण रेल्वेवर होळीच्या जादा गाड्या दरवर्षी जाहीर होतात, एसटीही जादा सुटतात, पण जादा गाडीच्या वेळेवर पालखीचा मुहूर्त बेतू नका. परतीचं तिकीट आधी काढा. येताना माणूस दारात उभा राहून येतो. जाताना हातात फणस, पिशवीत काजूगर आणि डब्यात पुरणपोळ्या असतात, तेव्हा बसायला जागा लागते.